घरातले विलगीकरण आणि रुग्णाचे मन

संसर्गजन्य रोगाने ग्रासलेल्या माणसास इतरांपासून दूर ठेवावे, हा विचार जंतुशास्त्राच्या जन्माहून कितीतरी शतके जुना आहे. परंतु असे दूर ठेवलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न शास्त्राने पद्धतशीरपणे हाती घ्यावयास एकविसावे शतक उजाडावे लागले, हे चमत्कारिक वाटले तरी खरे आहे. व्हेनिसच्या बंदरात गलबतांना चाळीस दिवस अडकवून ठेवण्याचा रिवाज पडला तेव्हापासून विलगीकरणाचा सगळा जमाखर्च बाहेर राहिलेल्यांच्या बाजूने मांडला गेला : साथ किती दिवसांत आटोक्यात आली, किती माणसे वाचली, व्यापार किती बुडाला. आत राहिलेल्याने काय सोसले, याच्या नोंदीसाठी त्या खतावणीत रकानाच नव्हता.

तो रकाना खऱ्या अर्थाने उघडला गेला २००३ साली, सार्सच्या साथीत. कॅनडातील टोरोंटो शहरात व त्याच्या परिसरात त्या वेळी पंधरा हजारांहून अधिक माणसांना स्वेच्छेने घरी बसण्यास सांगण्यात आले होते. त्यांपैकी १२९ जणांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून असे आढळले, की २८.९ टक्के लोकांत आघातोत्तर तणावाची आणि ३१.२ टक्के लोकांत विषण्णतेची लक्षणे होती, आणि बंदिवासाची मुदत जितकी लांबली तितकी ही लक्षणे वाढली. उत्तरे देणारे मूठभर, तेही आपण होऊन पुढे आलेले आणि त्यांत आरोग्यसेवेतील मंडळींचाच भरणा अधिक. तेव्हा या टक्केवारीवर फार मोठी इमारत उभारणे शहाणपणाचे नव्हे. पुढे कोविडची साथ जगभर पसरू लागली असतानाच, फेब्रुवारी २०२० मध्ये, लंडनच्या किंग्ज कॉलेजातील सामंथा ब्रुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २४ अभ्यासांचा एकत्रित परामर्श 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. लांबलेली मुदत, संसर्गाचे भय, कंटाळा व वैफल्य, जिनसांचा तुटवडा, अपुरी माहिती, आणि मागाहून येणारी आर्थिक ओढाताण व लोकापवाद, अशी दुःखाची कारणे त्यांनी नमूद केली. ही यादी लक्षपूर्वक वाचणाऱ्यास एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही, ती ही, की एकटेपणाचा वाटा त्यात कंटाळ्याच्या एका कलमापुरताच आहे आणि बाकीची बहुतेक कलमे इतरांनी केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टींची आहेत. माणूस एकान्ताने तितका खचत नाही, जितका त्या एकान्तास चिकटून येणाऱ्या अनिश्चिततेने, अपराधीपणाने आणि बेअब्रूने खचतो, असे माझे मत या विषयावरील वाङ्मय वाचून बनले आहे. आणि आपल्याकडचा जुना-नवा इतिहास त्यास पुष्टीच देतो.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत मुलास देवी आल्या किंवा गोवर निघाला, म्हणजे दाराशी कडुनिंबाचे डहाळे लागत, घरात फोडणी देणे बंद होई, परक्यास उंबऱ्याच्या आत मज्जाव असे, आणि अंथरुणावर पडलेल्या त्या पाच-सात वर्षांच्या पोराविषयी घरातली वडीलधारी माणसेही दबल्या आवाजात व आदराने बोलत. कारण त्याच्या देहात साक्षात देवी उतरली आहे, तिचा कोप होऊ नये, अशी सर्वांची समजूत असे. या समजुतीने रोग बरा होत नव्हता. देवीने लाखो मुले नेली, कितीकांचे डोळे नेले, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचे उच्चाटन जाहीर केले ते लशीच्या बळावर, निंबाच्या डहाळीच्या नव्हे. तथापि मनाच्या दृष्टीने पाहिले तर त्या व्यवस्थेत काही गोष्टी अशा होत्या, की ज्या पुढच्या काळातील शास्त्रशुद्ध व्यवस्थेत हरवल्या. मूल वेगळे पडे, पण घराचे केंद्रस्थान तेच होऊन बसे. आई उशाशी असे. आणि निंबाच्या पाण्याने न्हाऊ घातले की सगळे संपले, हे घरातल्या साऱ्यांना ठाऊक असे. बाळंतिणीच्या सोयरात किंवा मृताच्या सुतकातही हेच : दहा दिवस म्हणजे दहा दिवस, आणि अकराव्या दिवशी माणूस पुन्हा चारचौघांत.

मात्र २०२० मध्ये 'विलगीकरण तर आमच्या पूर्वजांनीच शोधून काढले' अशा ज्या बढाया ऐकू येत होत्या, त्यांत सामील होण्याचे धाडस विचारी माणसाने करू नये. ज्या समाजाने आपल्यातील असंख्य माणसांना, कोणताही रोग नसताना, पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले, आणि घरातल्या स्त्रियांना महिन्यातून चार दिवस कोपऱ्यात बसविले, त्या समाजात 'लांब राहा' ही सूचना केवळ वैद्यकीय सूचना म्हणून ऐकली जाईल, अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे होय. दूर ठेवण्याला आपल्याकडे जुना अर्थ आहे, आणि तो अर्थ रुग्णाच्या खोलीत त्याच्याबरोबरच शिरतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा अंमलात आला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. रोग्याची रवानगी इस्पितळात आणि धडधाकट नातलगांची सेग्रेगेशन कँपात. याचा परिणाम काय झाला, तर लोकांनी रोगी लपविण्यास सुरुवात केली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झालेला गोळीबार शाळकरी मुलांनाही माहीत असतो. पण त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत, दाराशी बुटांचा आवाज आला की ज्यास कण्हण्याचीही मुभा नव्हती, अशा अडगळीत दडविलेल्या रोग्याच्या मनःस्थितीवर कोणा इतिहासकाराने फारसा वेळ दवडलेला नाही. बळजबरीचे विलगीकरण रोगास घराबाहेर काढण्याऐवजी घरातल्या घरात भूमिगत करते, हा धडा सरकारासही यथावकाश मिळाला आणि पुढील वर्षांत बंदोबस्त सैल झाला. मग प्लेगचे उंदीर पडू लागले की गावेच्या गावे मोकळी होत आणि कुटुंबे शेतात झोपड्या घालून राहत. तेही विलगीकरणच, परंतु चूल आपली, माणसे आपली आणि शेजारही तोच. त्या झोपड्यांतील दिवसांची आठवण सांगणाऱ्या वृद्धांच्या बोलण्यात रानातल्या खेळांचा उल्लेख येई. सेग्रेगेशन कँपाची आठवण कोणी तशा सुरात सांगितल्याचे ऐकिवात नाही.

घर की संस्था, या वादास वैद्यकीय उत्तर मिळाले ते मद्रासमध्ये. क्षयरोग्यास डोंगरावरच्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवलेच पाहिजे, हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धान्त होता. १९५६ पासून मद्रासच्या क्षयरोग केंद्रात १९३ रुग्णांवर जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात काहींना आरोग्यधामातील विश्रांती, सकस आहार व शुश्रूषा मिळाली, तर काहींना तीच औषधे देऊन त्यांच्या दाटीवाटीच्या, अर्धपोटी घरांत राहू दिले गेले. आणि वर्षअखेर दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. घरच्या माणसांना जास्त लागण झाली, असेही दिसले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर जगभरातील आरोग्यधामांना उतरती कळा लागली. रुग्णास त्याच्या माणसांतून उठविणे ही दर वेळी वैद्यकीय अपरिहार्यता नसते, हे यातून सिद्ध झाले. पण क्षयाला गुणकारी औषध होते म्हणून हे शक्य झाले, ही पुस्ती जोडणेही प्रामाणिकपणाचे आहे. कोविडला आरंभी तसे औषध नव्हते.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोविड-रुग्ण सापडले, आणि आठवड्याभरातच परदेशांहून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूस न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्याचा हुकूम सुटला. पुढे २७ एप्रिल रोजी केंद्र सरकारने सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच राहण्याची मुभा दिली. स्वतंत्र खोली, चोवीस तास हजर असणारा एक काळजीवाहक, लेखी हमीपत्र, आणि जुलैतील सुधारित सूचनांप्रमाणे लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस, त्यांतही शेवटचे तीन तापाविना, अशी ती तजवीज होती. कागदावर तिच्यात काही वावगे नव्हते. पण हातावरचा शिक्का, दारावरचा फलक आणि जिन्याच्या तोंडाशी बांधलेली पट्टी या तीन गोष्टींनी त्या तजविजीचा रंगच पालटला. गृहनिर्माण संस्थांतील पदाधिकारी, एरवी ज्यांचा अधिकार पाण्याच्या टाकीपलीकडे जात नाही, ते एकाएकी कोतवाल झाले. कुठे दूधवाल्यास अडविले गेले, कुठे कचरा उचलणे थांबले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या फलकांची दखल घेतली. असे फलक लागले की रुग्णास अस्पृश्याप्रमाणे वागविले जाते, असे निरीक्षण नोंदवून, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने विशेष निर्देश दिल्याखेरीज रुग्णाच्या घरावर फलक लावू नये, असे न्यायालयाने बजावले. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांनी ज्या शब्दाला हद्दपार केले असे आपण मानत होतो, तो शब्द एका तापाच्या निमित्ताने न्यायासनासमोर परत यावा, याची नोंद समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य घ्यावी.

आता खोलीच्या आत डोकावू. दार लागले की पहिले दोन-तीन दिवस शरीराच्या हालअपेष्टांतच जातात. ताप, अंगदुखी, गेलेली चव यांपुढे मनास बोलण्याची सवडच मिळत नाही. ताप उतरू लागला म्हणजे मन वर येते, आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा स्वतःविषयी नसतोच : 'माझ्यामुळे आईला झाले तर?' बाजारातून विषाणू घरी आणणारा कर्ता माणूस, नोकरीच्या ठिकाणाहून तो आणणारी परिचारिका, शेजारी खेळायला गेलेले पोर, या सर्वांच्या ठायी कोणताही गुन्हा नसताना गुन्हेगाराची भावना वसते, आणि घरात दुसरा कोणी आजारी पडला की ती भावना निकालपत्रासारखी कायम होते. त्यात कोविडची एक विचित्र तऱ्हा अशी, की धाप न लागताही रक्तातील प्राणवायू घसरू शकतो. म्हणून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर आले आणि ९४ हा आकडा लक्ष्मणरेषा ठरला. सल्ला योग्यच होता, त्याने प्राणही वाचले; परंतु दिवसातून ठरावीक वेळा पाहावयाचा तो आकडा रात्री दोन वाजता, तीन वाजता, पुन्हा साडेतीनला पाहणाऱ्यांची झोप त्या इवल्या लाल दिव्याने हिरावून घेतली. दुसऱ्या लाटेत, १८ एप्रिल २०२१ या एका दिवशी महाराष्ट्रात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले तेव्हा, या खोल्यांतून बाहेर पाहण्याची एकमेव खिडकी म्हणजे हातातला मोबाइल होता, आणि त्या खिडकीतून दिसत होते ते खाटा, प्राणवायू व रेमडेसिविर यांसाठी केलेले धावे आणि ओळखीच्या नावांमागे लागणारे 'कैलासवासी'. वार्ता ऐकू नयेत हा उपदेश सोपा. पण ज्याची स्वतःची पाळी उद्या येऊ शकते, त्याने खाटा कुठे रिकाम्या आहेत याची चौकशी थांबवावी कशी?

याहूनही भीषण अवस्था त्यांची, ज्यांचा जोडीदार इस्पितळात गेला आणि जे स्वतः घरात कोंडलेले राहिले. आपल्याकडे शोकाला रीत आहे. समाचाराला माणसे येतात, तेच तेच विचारतात, गेलेल्याची तीच तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, आणि त्या पुनरुक्तीतच दुःख हळूहळू पेलण्याजोगे होते. दहावा-तेरावा खोलीच्या आत एकट्याने मोबाइलवर पाहणाऱ्यास ही रीत मिळाली नाही.

मनाच्या या अवस्थेत शरीराचाही वाटा असतो, याचा विसर पडू नये. संसर्गाशी झुंजताना शरीर जी रसायने सोडते तीच मेंदूवर परिणाम करून सुस्ती, अन्नावरची वासना उडणे, माणसांचा कंटाळा व खिन्नता आणतात. बेंजामिन हार्ट या अमेरिकी पशुवैद्यक-संशोधकाने १९८८ मध्ये दाखवून दिले, की आजारी जनावराचे कोपऱ्यात जाऊन पडणे हे बरे होण्यासाठी निसर्गाने योजिलेले वर्तन आहे. औषधांचेही तसेच : कोविडवर दिली जाणारी डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडे झोप उडवितात आणि चित्त अस्थिर करतात. प्राणवायूची गरज नसलेल्या कित्येकांनी ती घरबसल्या घेतली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील ६२,३५४ कोविड-रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, ज्यांना पूर्वी मानसिक विकार कधीच नव्हता त्यांच्यापैकी ५.८ टक्के लोकांत निदानानंतरच्या १४ ते ९० दिवसांत तो प्रथमच नोंदला गेलेला आढळला. तेव्हा आजारात रडू आले म्हणून 'खंबीर राहा' असे सांगणारे नातलग, बिचारे सद्भावनेने का होईना, तापास खंबीर राहावयास सांगत असतात.

सर्वसाधारण जनतेविषयीचे पुरावे मात्र एकमुखी नाहीत. पहिल्या वर्षात जगभर चिंता व विषण्णतेचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. तर प्राती व मॅन्सिनी या संशोधकांनी २५ अभ्यास एकत्र करून असा निष्कर्ष काढला, की टाळेबंदीचा मनावरील परिणाम सरासरीने अल्प होता व बहुतेकांनी तो पेलला. मला यात खरा विरोध दिसत नाही. सरासरी ही ज्यास पुस्तके, पगार व गॅलरी होती त्याची आणि ज्यास यांपैकी काहीच नव्हते त्याची मिळून काढलेली असते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहतात. स्वतंत्र खोलीची अट त्यांच्यापुढे वाचून दाखविणे ही निव्वळ थट्टा होती. धारावीत म्हणूनच शाळा व सभागृहे यांत माणसे हलवावी लागली. मे २०२१ मध्ये राज्य सरकारने रुग्णसंख्या अधिक असलेल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचे ठरविले, त्यामागचे कारणही घरात नियम पाळले जात नाहीत हेच होते. मनाच्या बाजूने पाहता केंद्रात जाणे सर्वांनाच जाचक झाले असेही नाही. शेजारच्या खाटेवर त्याच रोगाचा दुसरा माणूस असणे हा काहींना मोठा दिलासा ठरला. घरातली स्त्री आजारी पडली तर हा फरक विशेष जाणवतो. तिच्या खोलीचे दार लावले तरी स्वयंपाकघरातला डब्यांचा आवाज तिच्या कानी पडतोच. हळद कुठे, कुकरच्या किती शिट्या, हे प्रश्न दाराबाहेरून येत राहतात, आणि विश्रांती हा शब्द तिच्यापुरता कागदावरच राहतो. आणि जो चोवीस तासांचा काळजीवाहक शासनाने गृहीत धरला, तो बहुतेक घरांत तीच असते. तिच्या जागरणाचा, भयाचा तपशील तर रुग्णांच्या अभ्यासातही येत नाही.

उपायांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्राणायाम, छंद, दिनचर्या यांच्या याद्या वर्तमानपत्रांनी इतक्या छापल्या, की त्यांची पुनरावृत्ती मी करीत नाही. ज्याचा पुरावा खरोखर भक्कम आहे, ती गोष्ट फारच साधी आहे. अमेरिकेतील टेक्सासमध्ये २०२० साली, घरपोच जेवण घेणाऱ्या २४० एकाकी माणसांपैकी निम्म्यांना चार आठवडे साध्या, अल्पप्रशिक्षित तरुण स्वयंसेवकांनी फोन केले. उपदेश करावयाचा नाही, समोरचा बोलेल ते ऐकावयाचे, एवढीच त्यांना शिकवण होती. महिनाअखेर या मंडळींचे एकाकीपण, विषण्णता व चिंता इतरांच्या तुलनेने स्पष्टपणे कमी झाली. गोव्यातील 'संगाथ' संस्थेच्या संशोधनाने हे निराळ्या वाटेने आधीच दाखविले होते : मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकविलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून विषण्णतेवर परिणामकारक उपचार होऊ शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये 'किरण' आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलिमानस' या सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाल्या. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आजही चालू आहे. परंतु या सेवांत एक मूलभूत उणीव अशी, की फोन करण्याचे काम त्यांनी खचलेल्या माणसाकडे सोपविले आहे, आणि खचलेला माणूस नेमके तेच करू शकत नाही. फोन बाहेरून आत यावयास हवा, ठरल्या वेळी यावयास हवा, आणि तो करणाऱ्याने तापाच्या आकड्याबरोबर 'झोप लागली का?' एवढे विचारावयास हवे. केंद्राच्या सूचनांना जोडलेल्या तक्त्यात ताप, नाडी व प्राणवायू यांच्या शेजारी 'कसे वाटते : बरे, तसेच की वाईट' असा एक रकाना पुढे समाविष्ट झाला होता, तो पाहून पुढची कारवाई करण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाच्या नावावर लावली असती, तर निम्मे काम झाले असते.

शिवाय हे काम दहाव्या दिवशी संपत नाही. मुदत भरली की दफ्तरी फाइल बंद होते. पण मोलकरणीस 'आणखी महिनाभर येऊ नकोस' असे सांगितले जाते, दुकानदार पैसे चिमट्याने उचलतो, आणि बरा झालेला बाप आपल्याच मुलास जवळ घेताना कचरतो. ऑक्सफर्डच्या अभ्यासातील ते नव्वद दिवस लक्षात घेतले, तर दूरध्वनीची ही विचारपूस निदान तीन महिने चालली पाहिजे. ती गावोगाव करू शकेल अशी एकच यंत्रणा आपल्यापाशी आहे, आणि ती आशा सेविकांची. साथीत दारोदार जाऊन ताप मोजणाऱ्या या राज्यातील सुमारे ७० हजार स्त्रियांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर जावे लागले होते. रुग्णाच्या मनाची चौकशी हे आणखी एक काम त्यांच्या यादीत घालावयाचे असेल, तर त्याचा मोबदला अंदाजपत्रकात आधी मांडावा आणि हुकूम मागाहून काढावा.